आय३-५००५यू की पेंटियम एन५०००? आधी रॅमचा स्लॉट बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वापरलेले दोन लॅपटॉप तुमच्यासमोर आहेत. एकात इंटेल कोअर आय३-५००५यू, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्डडिस्क. दुसऱ्यात पेंटियम सिल्व्हर एन५०००, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची ईएमएमसी, म्हणजे बोर्डवरच बसवलेली साठवण. काम म्हणजे ब्राउझर, ऑनलाइन वर्ग, वर्ड-एक्सेल, आणि पुढे पायथन शिकायचा विचार. यातला वेगवान प्रोसेसर कोणता आणि ‘कोअर’ असल्यावर तो ‘पेंटियम’पेक्षा चांगलाच असणार ना, असं तुम्ही विचारलं आहे.

नावाचा मुद्दा आधी संपवतो. ‘कोअर’ हा ‘पेंटियम’पेक्षा वरचा, हे एकाच पिढीतल्या प्रोसेसरांबद्दल साधारण खरं असतं. तुमच्या दोन प्रोसेसरांमध्ये जवळपास तीन वर्षांचं अंतर आहे आणि दोघांची घराणीही वेगळी आहेत, त्यामुळे इथे नावावरून काहीच ठरत नाही. आणि वेगाचं म्हणाल तर रोजच्या कामात हे दोघे इतके जवळ आहेत की निवड त्या फरकावर करूच नये.

मी लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो आणि या दोन्ही जातींची यंत्रं टेबलावर सतत येत असतात. ‘प्रोसेसर जुना झालाय, फार हळू चालतो’ ही तक्रार तर नेहमीचीच. टास्क मॅनेजर उघडून बघावं तर बहुतेक वेळा प्रोसेसर निवांत बसलेला असतो, डिस्क शंभर टक्क्यांवर असते आणि रॅम काठोकाठ भरलेली असते. म्हणून तुमचा प्रश्न मी जरा बदलून घेतो: या दोनपैकी कोणतं यंत्र पुढची तीन-चार वर्षं तुमचं काम अडू देणार नाही, आणि त्यात प्रोसेसरचा वाटा किती? दोन्ही प्रोसेसर मदरबोर्डवर कायमचे सोल्डर केलेले असतात, ते नंतर बदलता येत नाहीत. पण त्यांच्या आजूबाजूचं बरंच काही बदलता येतं किंवा येत नाही, आणि खरी निवड तिथेच होते.

तरी प्रोसेसर नीट समजून घेऊ, कारण काही ठिकाणी त्यांच्यातला फरक अगदी ठळक आहे.

आय३-५००५यू हा २०१५ च्या सुरुवातीचा. पाचवी पिढी, सांकेतिक नाव ब्रॉडवेल. दोन कोअर (आतले काम करणारे भाग), चार थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे), २ गिगाहर्ट्झ, ३ एमबी कॅश (प्रोसेसरमधलीच जलद स्मृती), टीडीपी (उष्णता बाहेर टाकण्याच्या रचनेसाठीचा आकडा) १५ वॅट. त्याला टर्बो नाही, म्हणजे २ गिगाहर्ट्झच्या वर तो कधीच जात नाही. एन५००० डिसेंबर २०१७ चा, जेमिनी लेक कुटुंबातला. चार कोअर, चार थ्रेड, मूळ वेग १.१ गिगाहर्ट्झ, गरज पडली की २.७ पर्यंत, ४ एमबी कॅश, टीडीपी फक्त ६ वॅट. एन५००० ची मुळं इंटेलच्या अ‍ॅटम वंशात आहेत, जो पहिल्यापासून कमी विजेत आणि कमी उष्णतेत भागवण्यासाठी घडवला गेला. पेंटियममध्ये ‘सिल्व्हर’ लिहिलं असेल तर हा वंश समजायचा. ‘गोल्ड’ असेल तर तो कोअर वंशातला. त्यामुळे नुसतं ‘पेंटियम’ ऐकून कोणी चांगलं-वाईट ठरवत असेल तर त्याचं मनावर घेऊ नका.

आता गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात त्या आकड्याचा, घोळ. वेगळ्या वंशाच्या प्रोसेसरांचे गिगाहर्ट्झ एकमेकांशी ताडता येत नाहीत, कारण प्रत्येक ठोक्याला किती काम होतं ते वेगळं असतं. ब्रॉडवेल दर ठोक्याला चार सूचना उलगडू शकतो, जेमिनी लेकमधला गोल्डमाँट प्लस कोअर तीन. ब्रॉडवेलचं आतलं बाकीचं यंत्रही ऐसपैस आहे. म्हणून समान गिगाहर्ट्झला आय३ चा एक कोअर एन५००० च्या एका कोअरला सहज मागे टाकतो. पण समान गिगाहर्ट्झ असतात कुठे? आय३ दोनवर बांधलेला, तर एन५००० थोड्या वेळासाठी २.७ ला जातो. या दोन गोष्टी एकमेकींना जवळपास फेडून टाकतात, आणि एका धाग्याच्या कामात, म्हणजे पान उघडणं, फाइल उघडणं, एक्सेलमध्ये आकडेमोड, दोघे जवळजवळ बरोबरीत येतात.

चारही थ्रेड भरणारं काम असेल तर एन५००० किंचित पुढे जातो. त्याचे चारही कोअर खरे आहेत. आय३ चे दोनच खरे. उरलेले दोन थ्रेड हायपर-थ्रेडिंगचे, म्हणजे एकाच कोअरला दोन धागे देऊन मिळवलेले, आणि त्यातून साधारण पाव भागाची भर पडते, दुप्पट काम होत नाही.

हे झालं पहिल्या काही मिनिटांचं. काम लांबलं की चित्र पालटतं. ६ वॅट हा आकडा १.१ गिगाहर्ट्झच्या मूळ वेगाशी जोडलेला आहे. चारही कोअर २.७ ला धरून ठेवणं त्या मर्यादेत बसत नाही, त्यामुळे सतत ताण आला की क्लॉक, म्हणजे ठोक्यांचा वेग, खाली उतरतो. किती उतरतो ते लॅपटॉप बनवणाऱ्यावर आहे. कोणी वीजमर्यादा थोडी सैल ठेवतो आणि धातूची जाड पट्टी लावतो. कोणी पातळ, बिनपंख्याच्या प्लास्टिकच्या खोक्यात तोच प्रोसेसर कोंबतो. एकच एन५००० दोन वेगळ्या यंत्रांत वेगळा वागतो, तो यामुळे. आय३ मात्र टर्बो नसल्यामुळेच एकसुरी चालतो: पहिल्या मिनिटाला २ आणि पाऊण तासानेही २, अट एवढीच की पंखा आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) धड असावेत.

ही अट किरकोळ समजू नका. २०१५-१६ चा लॅपटॉप कोणी कधीच उघडला नसेल तर हीटसिंकच्या पात्यांवर धुळीची गादी बसलेली असते आणि थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते. असा आय३ तापून स्वतःला २ च्याही खाली आणतो, आणि मालक म्हणतो प्रोसेसर म्हातारा झाला. सफाई करून नवी पेस्ट लावली की तोच प्रोसेसर पुन्हा त्याच्या मूळ वेगावर येतो. सिलिकॉन असं वर्षागणिक मंदावत नाही. एन५००० च्या बिनपंख्याच्या यंत्रात धूळ खाणारा पंखाच नाही, ही त्याची जमेची बाजू.

आता वेगाच्या या सगळ्या गणितापेक्षा मोठी गोष्ट: रॅम आणि डिस्क. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमचा निर्णय इथेच होणार आहे.

४ जीबी रॅममध्ये विंडोज स्वतः उठून बसेपर्यंत निम्म्याहून जास्त जागा गेलेली असते. दोन्ही प्रोसेसरांचं ग्राफिक्स आतलंच असल्याने तेही याच रॅममधून वाटा घेतं. मग ब्राउझरचे पाच-सहा टॅब, त्यात एक व्हिडिओ वर्ग, शेजारी वर्डची फाइल, आणि रॅम संपली. रॅम संपली की विंडोज जुनी पानं डिस्कवर ढकलतं आणि लागतील तेव्हा परत आणतं. डिस्क कोणती आहे यावर या क्षणी यंत्राचं सगळं वागणं ठरतं. ५४०० फेऱ्यांची लॅपटॉप हार्डडिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक वेगवेगळ्या जागा वाचू शकते, कारण तिचा दांडा प्रत्येक वेळी शारीरिकरीत्या हलावा लागतो. साधी साटा एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्याच जागी बसणारी पण फिरते भाग नसलेली डिस्क, त्याच वेळात हजारो जागा वाचते. आज हार्डडिस्कवर विंडोज १० किंवा ११ चालवणं म्हणजे यंत्राला जाणूनबुजून गुदमरवणं आहे. तुमच्या आय३ वाल्या लॅपटॉपला आहे तसा चालू करून पाहिलंत तर तो एन५००० पेक्षा कितीतरी हळू वाटेल आणि तुम्ही म्हणाल की बघा, पेंटियम जिंकला. प्रत्यक्षात ती तुलना हार्डडिस्क आणि ईएमएमसीची झाली.

ईएमएमसी ही हार्डडिस्कपेक्षा नक्की बरी. पण ती एसएसडी नव्हे, विकणारा काहीही म्हणो. ईएमएमसी ५.१ ची कागदावरची कमाल सेकंदाला ४०० एमबी, साटा एसएसडी ५५० च्या आसपास देते, आणि लिहिण्याच्या बाबतीत ईएमएमसी त्याहून बरीच मागे पडते. भरत आली की ती आणखी मंदावते. आणि इथे तर जागाच ६४ जीबी, त्यातली विंडोजला दिसते साठहूनही कमी. विंडोज, ऑफिस आणि एखादा मोठा अपडेट बसला की पुढच्या मोठ्या अपडेटला जागा उरत नाही. ‘अपडेट अर्ध्यावर अडकतो’ म्हणून येणाऱ्या या वर्गातल्या लॅपटॉपांमध्ये बहुतेक वेळा बिघाड काहीच नसतो, फक्त जागा संपलेली असते. शिवाय ईएमएमसी बोर्डवर सोल्डर केलेली असते. ती गेली तर नवी लावून देणं हे सोपं काम राहत नाही.

म्हणून मी पहिला प्रश्न असा विचारतो: या लॅपटॉपचं मागचं झाकण उघडल्यावर आत काय दिसतं? आय३-५००५यू असलेल्या बऱ्याच यंत्रांत रॅमचा निदान एक स्लॉट आणि अडीच इंची डिस्कची जागा मिळते. अशा यंत्रात ८ जीबी रॅम आणि २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी टाकली की ते दुसरंच यंत्र होतं. दोन स्लॉट असतील आणि दोन्हीत रॅम बसवली तर ड्युअल चॅनलमुळे (दोन्ही पट्ट्या एकदम वाचल्या जात असल्याने) ग्राफिक्सलाही चांगला हात मिळतो. फक्त रॅम घेताना ती डीडीआर३एल म्हणजे १.३५ व्होल्टची आहे ना हे लेबलवर वाचून घ्या. जुनी १.५ व्होल्टची डीडीआर३ याच आकाराच्या स्लॉटमध्ये बसते, पण हा प्रोसेसर तिच्यासाठी नाही. कमाल मर्यादा १६ जीबी.

एन५००० असलेल्या यंत्रांबद्दल एक सरसकट विधान करता येत नाही. काहींत रॅम पूर्ण सोल्डर केलेली आणि ईएमएमसी सोडून दुसरी काही सोय नाही. काहींत डीडीआर४ चा एक स्लॉट, शिवाय अडीच इंची जागा किंवा एम.२ चा (पट्टीसारख्या एसएसडीचा) स्लॉट असतो. हा प्रोसेसर जास्तीत जास्त ८ जीबी रॅमसाठी असल्याचं इंटेल सांगतं, आणि ८ जीबी या वर्गाच्या यंत्राला पुरेशी आहे. तुम्हाला मिळणारं यंत्र यातलं कोणतं, ते नुसत्या प्रोसेसरच्या नावावरून कोणीही सांगू शकणार नाही. पूर्ण मॉडेल क्रमांक शोधून दुरुस्ती पुस्तिका बघा, किंवा विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर मेमरी निवडून ‘स्लॉट्स यूज्ड’ काय दाखवतंय ते पाहा. तो आकडा कधी कधी फसवतो, सोल्डर केलेल्या रॅमलाही स्लॉट म्हणतो, त्यामुळे झाकण उघडता आलं तर उत्तम.

माझं मत इथे ठाम आहे. ४ जीबी सोल्डर केलेली आणि ६४ जीबी सोल्डर केलेली, दोन्ही वाढवता न येणारं यंत्र असेल तर प्रोसेसर कोणताही असो, विंडोजसाठी घेऊ नका. विंडोज ११ ची किमान अटच ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण अशी आहे. म्हणजे असं यंत्र विकत घेतल्या दिवशीच तळाच्या रेषेवर उभं असतं.

आता समजा दोन्ही यंत्रांत ८ जीबी रॅम आणि एसएसडी बसवता येते आहे. मग प्रोसेसरमधला खरा फरक पुढे येतो, आणि तो तीन ठिकाणी आहे.

पहिलं ठिकाण व्हिडिओ. इथे एन५००० स्पष्ट पुढे आहे. त्याच्या यूएचडी ६०५ ग्राफिक्समध्ये व्हीपी९ आणि एचईव्हीसी हे व्हिडिओ दाबून साठवण्याचे दोन्ही प्रकार उलगडण्यासाठी वेगळं हार्डवेअर आहे, दहा बिटपर्यंत. आय३ च्या एचडी ५५०० मध्ये एच.२६४ हा जुना प्रकार पूर्ण हार्डवेअरवर चालतो, पण व्हीपी९ आणि एचईव्हीसीसाठी त्या काळातली अर्धवट व्यवस्था आहे, ज्यात ड्रायव्हर काही भाग ग्राफिक्सच्या सामान्य कोअरवर ढकलतो आणि बाकीचा प्रोसेसरवर येतो. यूट्यूब ब्राउझरला बरेचदा व्हीपी९ पाठवतं. त्यामुळे एकच १०८०पी व्हिडिओ एन५००० वर शांतपणे चालतो, आणि आय३ वर पंखा ऐकू येतो. ब्राउझरला एच.२६४ च मागायला लावणारी एक्स्टेन्शन मिळतात, ती टाकली की आय३ लाही दम मिळतो. एव्ही१ या नव्या प्रकारासाठी मात्र दोघांकडेही हार्डवेअर नाही.

हे खोटं की खरं ते स्वतः तपासता येतं. व्हिडिओ लावा, टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू निवडा आणि ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख बघा. तो हलतोय आणि प्रोसेसर खाली आहे, तर काम हार्डवेअरवर चाललंय. आलेख सपाट आणि प्रोसेसर साठ-सत्तर टक्क्यांवर, तर सगळा भार प्रोसेसर ओढतोय. ऑनलाइन वर्गात पार्श्वभूमी धूसर करायची सोय दोन्ही यंत्रांवर बंद ठेवा. चेहरा आणि पार्श्वभूमी वेगळी करायचं ते गणित प्रत्येक फ्रेमला होतं आणि एवढ्या लहान प्रोसेसरांवर ते सगळ्यात महाग पडतं.

खेळांचं म्हणाल तर एचडी ५५०० काहीसं वरचढ आहे, पण नवे खेळ दोन्हींवर नाहीत. त्यावर वेळ घालवू नका.

दुसरं ठिकाण तुमच्या पायथनशी संबंधित आहे आणि हे विकत घेताना कोणी सांगत नाही. आय३-५००५यू मध्ये एव्हीएक्स आणि एव्हीएक्स२ या, एकदम अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या, सूचना आहेत. एन५००० मध्ये त्या नाहीत; अ‍ॅटम वंशात तोपर्यंत त्या दिल्याच नव्हत्या, तो त्याआधीच्या एसएसई४.२ या सूचनांवर थांबतो. ब्राउझर, ऑफिस, साधं पायथन, त्याची पांडाज-नमपाय ही पॅकेजं, यांना याने अडत नाही. पण काही सॉफ्टवेअर एव्हीएक्स गृहीत धरूनच बांधलेलं असतं. मशीन लर्निंगसाठीच्या टेन्सरफ्लोच्या तयार फाइल १.६ या आवृत्तीपासून एव्हीएक्स मागतात, मोंगोडीबी हा डेटाबेस ५.० पासून मागतो. एन५००० वर ही दोन्ही बसवायला गेलात तर सुरू होतानाच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ असं काहीतरी दाखवून बंद पडतात, आणि शिकणारा बिचारा आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. तुमचा रस वेबसाइट बनवणं किंवा भाषा म्हणून पायथन शिकणं एवढाच असेल तर हा मुद्दा सोडून द्या. मशीन लर्निंगकडे जायचं असेल तर आय३ वर निदान उदाहरणं चालवून बघता येतील. जड प्रशिक्षण दोन्हींवर होणार नाही, त्यासाठी ब्राउझरमधून गूगलचं कोलॅब वापरा. अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा एम्युलेटर मनात असेल तर दोन्ही यंत्रं सोडा.

तिसरं ठिकाण विंडोज. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी जी वाढीव सुरक्षा योजना दिली तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे. विंडोज ११ च्या मान्य प्रोसेसरांच्या यादीत कोअर मालिका मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून सुरू होते, त्यामुळे आय३-५००५यू त्यात नाही. पेंटियम सिल्व्हर एन५००० त्या यादीत आहे. कमी वेगाचा समजला जाणारा पेंटियम आत आणि ‘कोअर’ बाहेर, हे अनेकांना पटत नाही, पण यादी तशीच आहे. पळवाटा वापरून आय३ वर विंडोज ११ बसवणारे लोक आहेत. मी ज्यांचं यंत्र रोजच्या कामाचं आहे त्यांना ते सुचवत नाही, कारण अशा यंत्रांना अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि एखाद्या अपडेटनंतर अडचण आली तर ती निस्तरायला तुम्हीच असता.

लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली, वापरायची तयारी असेल तर हा मुद्दा पूर्ण गळून पडतो. ब्रॉडवेलला लिनक्सचा आधार इतका जुना आणि मुरलेला आहे की लिनक्स मिंटसारखी वितरणं ८ जीबी रॅम आणि एसएसडीवर आय३-५००५यू ला अगदी सुरेख पळवतात. वाय-फाय, आवाज, झोपेतून उठणं, सगळं आधी पेनड्राइव्हवरून चालवून तपासता येतं. पायथन शिकणाऱ्याला लिनक्सची सवय होणं हा तोटा तर नाहीच. एक अट: वर्ड-एक्सेल म्हणजे खुद्द मायक्रोसॉफ्टचंच हवं असेल, किंवा परीक्षेचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, तर हा मार्ग बंद.

बॅटरीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ६ आणि १५ हे आकडे पाहून बरेच जण समजतात की एन५००० अडीचपट टिकेल. तसं होत नाही. टीडीपी हा उष्णता बाहेर टाकण्याच्या रचनेसाठीचा आकडा आहे, वापराचा मीटर नव्हे. वाचताना-लिहिताना दोन्ही प्रोसेसर बराच वेळ जवळजवळ झोपलेले असतात आणि जास्त वीज स्क्रीन खाते. व्हिडिओ बघताना एन५००० चा फायदा दिसतो, कारण वर सांगितलेलं हार्डवेअर. जुन्या यंत्रात मात्र खरा निकाल बॅटरीच्या वयाचा असतो. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढा आणि ‘डिझाइन कपॅसिटी’ व ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे बघा. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नवी बॅटरी लागणार हे गृहीत धरा, आणि त्या मॉडेलची बॅटरी अजून मिळते का ते आधी शोधा.

तर तुमच्या जागी मी कसं ठरवलं असतं? विंडोजच हवं, आणि एन५००० च्या यंत्रात रॅम ८ जीबी करता येते व ईएमएमसीच्या जोडीला किंवा तिच्याऐवजी एसएसडी बसते, असं झाकण उघडून कळलं, तर मी एन५००० घेईन. व्हिडिओ चांगला, अपडेट मिळत राहणार, यंत्र थंड आणि बिनआवाजी. एन५००० मध्ये सगळं सोल्डर केलेलं निघालं, तर मी आय३ कडे वळेन, त्यात पहिल्या दिवशी एसएसडी आणि रॅम टाकेन, हीटसिंक साफ करेन आणि लिनक्स बसवेन. लिनक्स चालणार नाही आणि एन५००० वाढवता येत नाही, अशी कोंडी असेल तर दोन्ही सोडून तिसरं शोधेन. तिसरं म्हणजे आठव्या पिढीचा यू मालिकेतला एखादा लॅपटॉप, उदाहरणार्थ आय५-८२५०यू. २०१७ मध्ये याच पिढीने इंटेलच्या कोअर मालिकेत १५ वॅटच्या वर्गात पहिल्यांदा चार पूर्ण कोअर आणले. चार कोअर, आठ थ्रेड, ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत टर्बो, एव्हीएक्स२ आहे, व्हीपी९ चं हार्डवेअर आहे आणि विंडोज ११ च्या यादीतही आहे. वर मोजलेल्या तीन ठिकाणांपैकी एकाही ठिकाणी त्याला नमतं घ्यावं लागत नाही. थोडं थांबून असं यंत्र मिळणार असेल तर थांबा.

शोधताना एक सावधगिरी. एन५००० च्याच पिढीतला सेलेरॉन एन४००० सुद्धा सर्रास विकायला असतो आणि नावं सारखी वाटतात. त्याला दोनच कोअर आणि दोनच थ्रेड आहेत. ब्राउझर आणि व्हिडिओ वर्ग एकत्र चालवताना तो फरक लगेच जाणवतो, त्यामुळे वर मी एन५००० बद्दल जे चांगलं बोललो ते त्याला लागू धरू नका. तसंच आय३-५००५यू च्या बरोबरीने आय५-५२००यू दिसला तर तो टर्बोने २.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, पण विंडोज आणि व्हिडिओच्या बाबतीत त्याची स्थिती आय३ सारखीच आहे. केवळ ‘आय५’ लिहिलंय म्हणून फार जास्त मोजू नका.

यंत्र हातात आलं की दहा-पंधरा मिनिटं १०८०पी व्हिडिओ लावून ठेवा आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग बघत राहा. आय३ चा आकडा २ च्या आसपास टिकला पाहिजे. प्रोसेसरवर भार असतानाही खाली घसरत असेल तर सफाई बाकी आहे, ती धरून बोलणी करा. एन५००० चा आकडा वरखाली होईल, ते स्वाभाविक आहे. पण भार असतानाही तो १.१ च्याही खाली जाऊन तिथेच बसत असेल तर उष्णता बाहेर जात नाहीये, ते यंत्र घेऊ नका. दोन्ही लॅपटॉपांचे पूर्ण मॉडेल क्रमांक खालच्या स्टिकरवर असतात. ते इथे लिहिलेत तर आत कोणते स्लॉट आहेत आणि कोणती रॅम लागेल ते मी बघून सांगतो.